वास नेमका कधी येतो?

नाकाडीमावशी हे नाव त्यांच्या नवऱ्यानेच ठेवलेलं, आणि मावशींना ते मनापासून आवडायचं. वीस वर्षं त्यांनी लाँड्रीत कपडे हुंगून डाग ओळखण्यात काढली. काम सुटलं, पण नाक काही सुटलं नाही. मग घरोघरची बोलावणी सुरू झाली. कुणाचं कपाट कुबट, कुणाचा फ्रिज आंबूस. बोलावणं असेल त्या दिवशी मावशी कांदा-लसणाला शिवत नसत, पावडर लावत नसत, आणि उंबरठ्यावरच विचारत, "वास कधी येतो?" कसला येतो, हे त्या कधीच विचारायच्या नाहीत. ते आपलं नाक बघून घेईल, असा त्यांचा तोरा होता.

त्या शुक्रवारी दार उघडणाऱ्या सूनबाईचा चेहरा पार उतरला होता. तिने मावशींना आत घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कसं सांगू मावशी? आमच्या सासऱ्यांच्या अंगाला वास येतो. दिवसातून दोनदा आंघोळ करतात हो. तरी चार महिने झाले, येतोच."

"कधी?"

"जेवायच्या वेळेला. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला. ते जेवायला उठून आले की आलाच म्हणून समजा." मग ती जरा थांबली. "परवा रविवारी वृद्धाश्रमात जातायत. त्यांचं त्यांनीच ठरवलंय."

"आणि तुम्ही?"

"आम्ही नको म्हणालो नाही," सूनबाई म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

घरात मोगऱ्याचा स्प्रे इतका मारला होता की मावशींना दोन शिंका आल्या. सासरे आपल्या खोलीत, भरलेल्या बॅगेशेजारी, पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. एके काळी घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस. "या," ते म्हणाले, "पण जरा लांबच बसा." मावशी कसल्या ऐकतायत. त्या थेट खांद्याजवळ गेल्या. साबण, खोबरेल तेल, इस्त्रीचा सदरा. बस, एवढंच.

"काका, तुम्हाला स्वतःला येतो का वास?"

"या वयात माझं नाक कुठलं चालतंय? पण मुलाला येतो, म्हणजे असणार."

मावशींना आता चैन पडेना. अंगाचा वास असा घड्याळ बघून येतो का? अकराला अजून थोडा अवकाश होता. मुलगा वडलांच्या जाण्याच्या तयारीसाठी रजा घेऊन घरीच होता. मावशींनी त्याला फर्मावलं, "वडलांना खाली चक्कर मारून आण. अर्धा तास वर यायचं नाही." दोघे गेल्यावर त्या सूनबाईला म्हणाल्या, "तू रोजच्यासारखी स्वयंपाकाला लाग."

सूनबाईने कढई ठेवली आणि ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा लावला. रस्त्यावरच्या धुळीपायी खिडक्या कायम बंदच असत. दहा मिनिटांत वास आला. सूनबाई हातात झारा घेऊन तशीच उभी राहिली. "अहो, पण बाबा तर खाली आहेत," ती म्हणाली.

मावशींनी पंखा बंद केला. वास ओसरला. पुन्हा लावला, तर पुन्हा हजर. मावशींचे डोळे चमकले. पदर खोचून, नाक पुढे करून त्या निघाल्या त्या सासऱ्यांच्या खोलीतल्या बंद बाथरूमपाशी थांबल्या.

"हे वापरत नाही?"

"चार महिन्यांपूर्वी बाबा इथे घसरले. तेव्हापासून आम्ही कुलूपच घातलंय. मोठ्या बाथरूममध्ये त्यांना खुर्ची ठेवलीय ना."

कुलूप काढल्यावर मावशींनी जमिनीवरची जाळी उचलली. खालचा खोलगट भाग ठणठणीत कोरडा होता. "इथे पाणी साचून असतं. तेच गटाराचा वास अडवतं," त्या म्हणाल्या. "वापर थांबला, पाणी आटलं. खिडक्या बंद असल्या की तुझा पंखा हवा ओढणार कुठून? इथूनच." त्यांनी दोन तांबे पाणी ओतलं. पंखा आणखी पंधरा मिनिटं चालला. वासाचा पत्ता नव्हता.

बापलेक वर आले. मावशीच पुढे होऊन म्हणाल्या, "काका, वास तुमचा नव्हताच. बाथरूममधून येत होता." आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

सासरे ऐकत राहिले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. मुलाचा चेहरा मात्र शरमेने काळवंडला. तो पलंगावर वडलांना अगदी लागून बसला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सासरे एकदम ताठ झाले आणि घाईघाईने उठून टॉवेल शोधायला लागले.

"थांब रे जरा," ते म्हणाले, "मी आधी आंघोळ करून येतो."