बाभळीच्या मुठीचा चाकू

रंगनाथ गेल्याचं मला बाजारात कळलं. कुंभार पिंपळगावचा बाजार भरलेला, मी सरकीच्या भावात अडकलेलो, आणि त्याच्या वाडीचा एक जण जाता जाता म्हणाला, "शेटजी, तुमचा दोस्त गेला की सकाळी." मी विचारलं, "कोण?" खरं तर कोण ते मला तेव्हाच कळलं होतं...

आम्ही मारवाडी जैन, कापसाच्या खरेदीतले, रंगनाथ शेतकऱ्याचा. मैत्री शाळेपासूनची. निजामी संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तो जालन्याला गेल्ता आणि माझ्यासाठी मिटवायचा चाकू घेऊन आल्ता. मूठ पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मी हरखलो. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो हातात घेतला आणि हळूच ओट्यावर ठेवला. "मूठ हाडाची आहे रे. घरात न्हाई चालायची." रंगनाथचा चेहरा उतरला. "मला बिलकुल ध्यानात आलं न्हाई," एवढंच म्हणाला आणि चाकू खिशात घालून निघून गेला.

दुसरा कुणी असता तर विषय तिथंच मिटला असता. हा पठ्ठ्या हट्टी. त्यानं मुठीतले खिळे कानशीनं घासून काढले, हाडाच्या पट्ट्या सोडवल्या आणि पेरणीच्या मोडक्या तिफणीच्या बाभळीतून दोन नव्या तासायला घेतल्या. मी जाऊन त्याच्या अंगणात बाजेवर बसायचो. पट्टी लोखंडी सांगाड्यावर धरायची, भोकं जुळतात का बघायची, पुन्हा तासायची. "जल्दी कर की," मी चिडवायचो. "जल्दी केली म्हणून तर हाड आणलं, पन्ना," तो म्हणायचा. पट्ट्या हलू नयेत म्हणून खालून सरस लावला, पितळी तारेचे तुकडे आरपार घालून दोन्हीकडून ठोकले, वर जवसाचं तेल चोळलं. बाबूजींनी मूठ धरून बघितली, आणि चाकू थेट स्वयंपाकघरात गेला.

मग ऐन पर्युषणात एके दिवशी तो धापा टाकत आला. आम्ही जेवून उठत होतो. सुताराकडं सरस शिजत होता आणि यानं सहज विचारलं, कशाचा करतात म्हणून. "बाबूजी, सरस कातड्याचा न् हाडाचा असतो. मी त्योच लावलाय चाकूला." बाबूजी शांतपणे म्हणाले, "न कळत झालं. मनाला लावून घेऊ नको." पण तोवर माझ्या आईनं घरातली भांडी अंगणात आणून राखेनं घासायला घेतली होती. शेवटचं भांडं घासून होईपर्यंत रंगनाथ खाली मान घालून तिथंच उभा राह्यला. नंतर त्यानं पट्ट्या पुन्हा उकलल्या, सरस खरवडून काढला आणि नुसत्या तारेवर बसवल्या. त्या अजून जराशा हलतात.

त्यानंतर तो आमच्या घरात कधी जेवला नाही. ओट्यावरच बसायचा. "आज उपास आहे" म्हणायचा. इतके उपास तर आमच्या साध्वींनीही केले नसतील. मी चिडायचो. आम्ही माफ केलं, मग हा कसला ताठा, असं चारचौघांत बोलूनही दाखवायचो. मोठ्या मनाचा मीच होतो ना.

तो गेल्यावर त्याच्या बायकोला, गयावहिनींना, भेटायला गेलो. त्याच्या घराच्या आत मी पहिल्यांदाच बसलो. आम्ही पाणीही गाळल्याशिवाय पीत नाही आणि बाहेर कुणाकडं काही घेत नाही, म्हणून मी कायम अंगणातूनच परतायचो, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वहिनींनी तांब्या आणला. वर पांढरं फडकं.

"घ्या भाऊजी. गाळून आणलंय," त्या म्हणाल्या. "हे गळणं तुमच्यासाठीच ठिवलेलं हाये. दुसऱ्या कशाला लावू देत नव्हते. दर बाजारच्या दिवशी धुवायला लावायचे. म्हणायचे, आज पन्ना आत येईल, पाणी मागंल."

मला मान वर करवेना. गळणं धुऊन धुऊन पार विरलं होतं, आणि त्या घरचं पाणी मी पहिल्यांदाच पीत होतो.