भाकरी कोण थापतं

विलायतेत लेस्टरला असताना आमचे हे भाकरी थापायचे. मला कारखान्यात दुपारची पाळी, यांना सकाळची. मग संध्याकाळी लेकीला करून घालायचं कोण? शेजारी काही मावश्या-आत्या नव्हत्या! गुजराती दुकानातून ज्वारीचं पीठ आणून हे आपले आपणच शिकले. सुरुवातीला चिरा पडलेल्या, अर्धकच्च्या भाकऱ्या आम्ही मुकाट्यानं गिळल्या. पुढं यांचा हात असा बसला की माझ्या भाकरीपेक्षा यांची पातळ व्हायला लागली.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. लेक चार वर्षांची, आणि आम्ही सुट्टीवर सोलापूरला आलो. शुक्रवार पेठेतल्या घराचा उंबरा ओलांडला आणि या माणसाचे दोन्ही हात जणू गळून पडले. "पाणी आण." "टॉवेल कुठाय?" जेवून उठले की ताट तिथंच. अहो, तिकडं भांडी विसळणारा माणूस तो हाच का? मी डोळे वटारले की हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे.

तेही सोसलं असतं. पण एका दुपारी चुलत सासरे, नणंद, सगळे बसलेले असताना सासूबाईंनी विषय काढला.

"पोरीला हितंच ठिवा. आई कामाला जाती, मग लेकराला खायाला घालतंय कोण? वाळून काडी झालीया."

माझी गुबगुबीत लेक म्हणे काडी! पण सगळ्यांनी माना डोलावल्या. गल्लीच्या तोंडाशी शाळा होती, तीही ठरली. लेस्टरमधल्या आमच्या ओळखीच्या एका बाईची दोन पोरं अशीच गावाकडं आजीजवळ राहिली होती. पुढं भेटली तेव्हा ती आईजवळ जाईनात. ते आठवलं. मी यांच्याकडं बघितलं. 'संध्याकाळी मी घरी असतो, मीच करून घालतो,' एवढंच तर सांगायचं होतं. हे अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले.

"बोला की," मी म्हणाले.

"बघू," हे म्हणाले.

बघू! पोटची पोर सोडून जायची तयारी, पण आपण तव्यापुढं बसतो हे चारचौघांना कळायला नको! माझं डोकंच फिरलं. त्या घरात मोठ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. पण तिकडं पाळीवर मुकादमाशी भांडून भांडून माझी जीभ चांगलीच सुटली होती. आत गेले, परातीत पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि सगळं यांच्यापुढं आणून आदळलं.

"चूल पेटलेली आहे. थापा. नाहीतर पोरीला इथं सोडून जाऊया, असं तुमच्या तोंडानं सांगा."

"सूनबाई!" चुलत सासरे ओरडले.

हे लालबुंद. तेवढ्यात लेक खेळ टाकून आली आणि रोजच्यासारखी परातीजवळ मांडी घालून बसली. "बाबा, माझी छोटी आधी."

यांनी तिच्याकडं बघितलं. मग बाह्या वर केल्या, परात उचलली आणि चुलीपुढं जाऊन बसले.

चुलत सासरे चपला घालून निघून गेले. पण भाकरी तव्यावर टम्म फुगली. लेकीला तिची छोटी दिल्यावर यांनी दुसरी आईच्या ताटात टाकली. सासूबाई नेहमी सगळ्यांच्या मागून, उरलेलं गार खाणाऱ्या. लग्न झाल्यापासून तव्यावरची भाकरी त्यांना कुणी वाढलीच नव्हती. त्यांनी तुकडा मोडला, सावकाश चावला.

"कड जाड झालीया," त्या म्हणाल्या आणि आणखी एक मागितली. शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा आपले खाटेवरून, "अगं, पाणी आण!" काय म्हणावं या माणसाला! कपाळावर हात मारून मी उठणार, तोच आतून सासूबाई कडाडल्या.

"ऊठ की! हात मोडल्यात व्हय? तिकडं भाकरी थापतूस, आन हितं तांब्या उचलंना?"