फडक्यातला चीक

आमची घोडी वरातीची. शीळफाट्याच्या अलीकडे आमचा पत्र्याचा तबेला आहे, वडिलांच्या वेळचा. घोडी गाभण, दिवस भरत आलेले, आणि मी डोंबिवलीची वरात घेतली. नवरदेवाचा बाप दारात येऊन बसलेला, त्याला नाही म्हणायची लाज वाटली. तेव्हा अक्कल चरायला गेलेली माझी, दुसरं काय.

नवरदेवाला वर बसवायचं नाही, घोडी नुसती पुढे चालेल, असं ठरवून घेतलं. म्हणजे मी फार दयाळू! पोट झुलीखाली झाकलं. वरात निघाली आणि तिच्या आचळांतून दूध गळायला लागलं, दाट, पिवळसर. लोक नावं ठेवतील म्हणून मी बँडच्या गोंगाटात वाकून वाकून फडक्याने पुसत होतो. हॉल येईपर्यंत ते फडकं दोनदा गटारात पिळलं. घरी आल्यावरही दूध गळतच होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती व्यायली. शिंगरू धडपडत उभं राहिलं, लुचायलाही लागलं. मी हौसेने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "आधी दूध गळलं नव्हतं ना?"

"छे हो," मी म्हटलं. गाभण घोडी वरातीत नेली, हे सांगायला जीभच रेटेना.

दोन दिवसांनी शिंगरू उठेना. अंग तापलेलं, गुडघे सुजलेले. डॉक्टर आले, त्यांनी रक्त तपासलं आणि परत तेच विचारलं. मग मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "पोटात असताना शिंगराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, तीही पहिल्या दिवसातच. नंतर आतडी ती आत घेत नाहीत. त्याची स्वतःची ताकद तयार व्हायला महिने जातात. तुमच्या घोडीचा चीक आधीच गळून गेला, मागे राहिलं ते नुसतं दूध. फोनवर खरं बोलला असतात तर कल्याणला एक घोडी नुकतीच व्यायलेली, तिचा चीक आणून पाजला असता."

त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिंगरू गेलं. घोडी बराच वेळ त्याला चाटत होती.

मी तबेल्यातच बसलेलो, बायको चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. "आपल्या पोरीच्या वेळी नर्सने पावडरचा डबा काढला, तर हॉस्पिटल डोक्यावर घेतलेलंत तुम्ही," ती म्हणाली. "पहिलं दूध आईचंच पाजा म्हणून."

मला स्वतःची किळस आलेली.

वरातीचं फडकं अजून खुंटीवर होतं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. तिने ते काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुम्हीच धुवा," म्हणाली.