हरिचंद्रकाकांचा चर्चा मंच

हरिचंद्रकाकांना सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवरून काढायचं डोकं माझंच. बेलवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. शिव्या घालायच्या तर मलाच घाला, कमिटीतल्या बाकीच्यांना एवढीही अक्कल नव्हती.

काका मूळचे चामटोलीचे. अंबरनाथला एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर, त्यातली वीस युनियनच्या भांडणांत. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे व्हॉट्सअॅपवर येऊन बसले. सकाळी सहाला पहिला मेसेज. टँकर कुणाच्या मेव्हण्याचा, एकच गटार कागदावर दोनदा कसं बांधलं, सगळं नावानिशी. लिहायचे खरं, हाच त्यांचा गुन्हा. खोटं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं.

घरात दोघंच, काका आणि गंगूकाकू. काकूंना विसरायचा आजार. दार उघडं दिसलं की त्या माहेरी निघायच्या, पालेगावला. तिथं आता माहेर नाही, भाऊ नाही, शेत नाही, नुसते टॉवर उभे राहताहेत. दोनदा अशा गेल्या. दोन्ही वेळा काकांनी ग्रुपवर फोटो टाकला आणि दहा मिनिटांत आमच्यापैकी कुणीतरी त्यांना हाताला धरून घेऊन आलं, एकदा डेअरीपासून, एकदा भुयारी मार्गाच्या तोंडाशी. चव्वेचाळीस घरं नजर ठेवून होती. काकूंच्या जिवाला तेवढाच आधार होता आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं.

मग नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्याकडे रीत अशी, की निवडणूक आली की इमारतीनं आपली मागणी सांगायची. कुणी पेव्हर ब्लॉक मागतं, कुणी टाकी. आम्ही बाहेरून रंग मागितला. उमेदवार हो म्हणाला. काकांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘मत इकू नका. रंग दोन पावसात जाईल, हा मानूस पाच वर्षं जानार नाय.’ उमेदवाराचा भाचा आमच्याच बी विंगमध्ये राहतो. तो हे वाचून मामाला दाखवणार, म्हणजे आमचा रंग गेलाच.

तेव्हा मी ‘चर्चा मंच’ नावाचा वेगळा ग्रुप काढला. राजकारणावर मोकळेपणी बोलायला हक्काची जागा हवी, असं मीटिंगमध्ये छान भाषणही ठोकलं. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस घरांना त्यात घातलं आणि काकांना अॅडमिन केलं. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. पाच मिनिटांत सगळ्यांनी त्या ग्रुपचा आवाज कायमचा बंद केला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून कमिटीतल्या आम्ही चौघांनी चहा मागवला.

काका माझ्या घरी आले. "मंच चांगला हाय, सेक्रेटरीसाहेब. पन मला मोठ्या ग्रुपवर बी ऱ्हावू द्या. गंगूसाठी."

"राहा की. पण तिथे पॉलिटिक्सचा एक शब्द नको."

"नाय लिवनार."

अकरा दिवस त्यांनी कानाला खडा लावला. बाराव्या दिवशी रंगाऱ्यांच्या बांबूंवर उमेदवाराचा तीन मजली बॅनर चढला आणि काकांच्या खिडकीत अंधार झाला. त्यांनी मोठ्या ग्रुपवर विचारलं, ‘माज्या घरातला उजेड पन दिला का?’ मी त्यांना काढून टाकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. जिन्यात भेटले तेव्हा ते भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "गंगूचं कसं?"

"मंचावर टाका ना काका. माणसं तीच आहेत."

पुढच्या रविवारी सव्वादहाला मी खाली रंगाऱ्यांवर ओरडत होतो. माझ्या स्कूटरवर रंग सांडला होता. गंगूकाकू गेटमधून बाहेर पडल्या, हातात रिकामी पिशवी.

"काय काकू, कुठे?"

"म्हायेरी."

"जाऊन या, जाऊन या," मी म्हणालो आणि रंगारी हसले.

मला कळत नव्हतं असं नाही. पण सवय वाईट. वाटलं, काका टाकतीलच ग्रुपवर, आणील कुणीतरी. मग दुपारपर्यंत मोठ्या ग्रुपवर काही आलं नाही, म्हणून सापडल्या असतील असं धरून चाललो. काकांना मीच काढलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काकांनी साडेदहाला मंचावर फोटो टाकला होता आणि स्वतः स्टेशनच्या बाजूला धावले होते. डेअरी, बाजार, रिक्षा स्टँड, एकटेच फिरत राहिले. त्यांना वाटत होतं, बाकीच्या दिशांना, पालेगावच्या वाटेलाही, आपली माणसं गेली असतील. मंचावर उत्तर एकच आलं. आमच्याच इमारतीतल्या चंदूनं, फोटोकडे न बघताच, त्याच्या पार्टीचं प्रचारगीत टाकलं. तीन वाजता सी विंगच्या वैदेहीनं तो फोटो पाहिला आणि मोठ्या ग्रुपवर आरडाओरडा केला. मग सगळी इमारत धावली. पाचला काकू पालेगावात सापडल्या, एका टॉवरच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात. पाणी कमरेएवढंही नव्हतं. मोठ्या ग्रुपवर एकसष्ट जणांनी श्रद्धांजलीचे हात जोडले. ज्याच्यासाठी जोडले तो त्या ग्रुपवर नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. काका फोन घेऊन बसले होते. मेसेजवर बोट दाबून धरलं की तो कुणी वाचला, किती वाजता वाचला, याची यादी येते. ती त्यांनी मला दाखवली. नऊ नावं होती.

"तुमचं नाव नाय यात," काका म्हणाले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी वाचलंच नाय, तर तुमचा काय दोष? मला येकच सांगा. जाताना कुनाला तरी दिसली आसंल ना ती?"

"दिसली असती तर कुणी थांबवलं नसतं का, काका?"

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं.

मंच अजून माझ्या फोनवर आहे. काका तिथे आता काही लिहीत नाहीत, पण ती यादी रोज बघतात, असं वैदेही सांगते. मी तो ग्रुप उघडलेला नाही. उघडला की माझं नाव त्या यादीत जाईल, म्हणून काकूंचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.