डोळे न उघडलेली सीताफळं

इथं शहरात, बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावर एक सीताफळवाला बसतो. एकेक फळ लुंगीला असं पुसतो, जसं काही चांदीचं भांडं. आणि फळं सगळी कच्ची. आमच्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचे डोळे उघडल्याशिवाय कुणी हात लावत नसे. मी लावला, तर बापानं बोटांवर काठी मारली होती. शाळा शिकलो नाही, पण हे शिकलो.

एकदा त्याला सुनावलंच, "हे फळ आहे का दगड? काढायची अक्कल नाही तुला. आमच्या डोंगरात असं कच्चं कुणी काढत नाही."

तो पुसतच म्हणाला, "चाचा, पकने तक रुके तो बंदरां खा जाते. तुम लोगां तो उतर को शहर आ गए, राखेगा कौन?"

असल्या माणसाशी काय बोलायचं? फळ न घेताच निघालो. आमच्या डोंगरावर आता आमचं कुणीच नाही, हे त्याला मी कशाला सांगू?