बाबांच्या नाटकातला कुत्रा

गावच्या उत्सवातल्या नाटकाच्या दिवशी सकाळी मी एक कुत्रा, ढगांचा गडगडाट आणि रेवसच्या लाँचचा भोंगा असं सगळं एका फटक्यात पुसून टाकलं. तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं.

मी सॉफ्टवेअरचं काम करते, तेही रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीतल्या घरी बसून. (घरून काम करण्याचा मुख्य फायदा म्हणजे माणसं भेटत नाहीत.) लॅपटॉपमधली जागा संपत आली होती. लाल पट्टी सारखी डोळ्यांसमोर यायची, म्हणून सुट्टी बघून साफसफाईला बसले.

"काय पुसतेयस एवढं?" आईने नारळ खवता खवता विचारलं.

"कचरा गं. प्रोग्रॅम तयार करताना मागे फाइल्स उरतात. स्लॅब झाल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या अंगणात पडून राहतात ना, तशा."

"फळ्या टाकू नयेत. लागतात."

"या नाही लागत. लागल्याच तर आपोआप पुन्हा तयार होतात."

"आणि नाही झाल्या तर?"

मी तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसले. (ते हसू आठवलं की आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.)

हा कचरा साठतो तो 'बिल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये. माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो असतोच. एकेक कुठे शोधत बसायचं? मी एकच आज्ञा सोडली: जिथे जिथे 'बिल्ड' दिसेल तिथे तिथे उडव, मला विचारू नकोस. लॅपटॉपने विचारलं नाही. अर्धी डिस्क रिकामी झाली!

दुपारी जेवताना बाबा खुशीत होते. "मनू, संध्याकाळचे आवाज एकदा वाजवून बघूया का?"

"बघूया की. कुठे ठेवलेत?"

"त्या बिल्डमध्ये."

माझा घास हातातच राहिला. "बिल्डमध्ये? का?"

"तू दिवसभर त्यातच डोकं घालून असतेस. म्हटलं, हे ऑफिसचं कपाट असणार. एकदम सुरक्षित! शिवाय आत जागाही होती."

(आमच्या घरात रिकामं काही दिसलं की ते भरतात. आइस्क्रीमच्या डब्यात आमसुलं असतात.)

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. हे त्यांनी स्वतः लिहिलेलं पहिलंच नाटक. भोंगा फोनवर टिपायला ते आईला आणि डब्याला घेऊन रेवसच्या धक्क्यावर जाऊन बसले होते. शेजारच्या दिनूकाकांच्या मोत्याचं भुंकणं मिळवायला त्यांनी कित्येक दुपारी कुंपणापाशी काढल्या होत्या. फोनमधलं सगळं त्यांनी माझ्या लॅपटॉपवर टाकून फोनमधून पुसलं होतं, कारण फोन 'शुभ सकाळ'ने भरला होता. आणि अख्खं नाटक त्या कुत्र्यावर उभं होतं! चोर येतो, कुत्रा भुंकतो, झोपलेला म्हातारा उठतो, झटापटीत मरतो. कुत्रा भुंकला नाही तर म्हातारा उठणार नाही, आणि म्हातारा म्हणजे खुद्द बाबा.

मी खरं काय ते सांगितलं. बाबांनी ताक संपवलं. "असू दे. मी झोपूनच राहतो," ते म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी इंटरनेटवरून कुत्रा काढून ऐकवला. बाबा मान हलवत म्हणाले, "हा बंगल्यातला वाटतो. माझा म्हातारा गरीब आहे." मग आम्ही मोत्याकडे गेलो. एरवी वाऱ्याने झावळी हलली तरी भुंकणारा मोत्या आज पाय पसरून पडला होता.

"सर, न्हाय उठायचा तो," दिनूकाका म्हणाले. "तुमच्या उत्सवाचा प्रसाद खाऊन सुस्त झालाय."

"मग आता?"

"मनू भुंकंल की! व्हय ना गं?"

"मी?" (मी रिक्षाला हाकसुद्धा मारत नाही. ती आपणहून थांबेपर्यंत उभी राहते.)

"पडद्यामागून तर भुंकायचंय. कोन बघतंय तुला?"

 बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं.

संध्याकाळी देवळापुढचं पटांगण गच्च भरलं. गडगडाट आईने पत्रा हलवून केला, तो उत्तम झाला. भोंगा दिनूकाकांनी शंखाने वाजवला. पुढच्या दोन रांगा आरती समजून हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांना कसंबसं बसवलं. मग चोर आला.

मी माइकसमोर गुडघे टेकले आणि भुंकले. उचकीसारखं काहीतरी निघालं.

"मांजर हाय काय?" प्रेक्षकांतून आवाज आला.

खाटेवर बाबा कूस बदलून पुन्हा झोपले. चोर बिचारा चोरायच्या वस्तू दुसऱ्यांदा चोरू लागला. मी डोळे घट्ट मिटले. मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून गिळलेली सगळी वाक्यं आठवली, आणि जी काही भुंकले!

वाड्यावाड्यांतून कुत्र्यांनी उत्तर दिलं. पाठोपाठ मोत्या रंगमंचावर! त्याने चोराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आवाज कुठून आला ते हुंगत तो थेट पडद्यात शिरला, पडदा दातांत धरला आणि ओढला. सगळ्या गावासमोर मी, गुडघे आणि हात जमिनीला टेकून, तोंड उघडं!

तिथेच विरघळून जावं असं वाटलं. पण चोराशी झटापट करून मरता मरता बाबांनी माझ्याकडे हात पसरला आणि नाटकात कुठेच नसलेलं वाक्य म्हटलं, "पोरी, या घराची राखण तूच केलीस गं!"

टाळ्या थांबेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" बाबा मेलेले उठले, अंग झाडलं आणि खाटेवर जाऊन पुन्हा घोरू लागले. मला दुसऱ्यांदा भुंकावं लागलं. (दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं, असं आईचं मत आहे.)

बाबांनी आता पुढच्या वर्षीचं नाटक लिहिलंय. त्यात कुत्रा पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत रंगमंचावर आहे. "करशील ना?" त्यांनी जरा भीतभीतच विचारलं. मी सगळं नाटक नीट वाचलं, कुत्र्याला एकही संवाद नाही याची खात्री केली, आणि मगच हो म्हटलं.