आपल्याकडे अजून न आलेला आवाज

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस पुण्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी नारायण पेठेत, म्हणजे हट्टाचं पीक जिथे बारमाही निघतं तिथे, सगळा जन्म काढून सांगतो आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं सकाळी टेकडीवर जातात, हास्यक्लबात कारण नसताना हसतात. यांनी संगणक घेतला आणि त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली. जे फुकट मिळतं आणि आतून उघडून दुरुस्त करता येतं तेच आपलं, हा त्यांचा बाणा. सगळं जग वापरतं ती विकतची प्रणाली त्यांना ओवळ्यासारखी. आयकराचं विवरण एकदा त्यांच्या यंत्रावर भरता येईना, तेव्हा कर्वेनगरातल्या त्यांच्याच सोसायटीतल्या शेजाऱ्याकडे बसून ते भरलं आणि घरी येऊन साबणाने हात धुतले. मी समोर होतो.

त्यांच्या यंत्रावर काय नाही याची गणती करणं मी केव्हाच सोडलं. कुंडली मांडता येत नाही, सोसायटीचे हिशेब उघडत नाहीत, छपाईवाल्यांचे जुने मराठी टाइप दिसत नाहीत. विचारलं की शांतपणे म्हणणार, "ते आपल्याकडे अजून आलेलं नाही." हे 'आपल्याकडे' अशा थाटात, की धायरीच्या पलीकडे कुठे एक वाडी आहे, तिथे अजून बस पोचलेली नाही आणि हे तिथले सरपंच आहेत. माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांना संगणकावर पाठवली, तर तिथे नुसते चौकोन आणि फुल्या उमटल्या. लग्नाला आले नाहीत. उत्तर आलं, "पत्रिकेतली अक्षरं जुळली नाहीत. निदान त्या दोघांचं जुळो." दरवर्षी दिवाळीला ते निरनिराळ्या कंपन्यांना शुभेच्छा पाठवून, आपला प्रोग्रॅम आमच्याकडे केव्हा येणार, असं विचारीत. उलट शुभेच्छासुद्धा कोणी पाठवल्या नाहीत.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. मग अक्कांची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, नजर काचबिंदूने गेली. अक्कांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पुस्तक हातात नसेल तर त्यांना जेवण जात नसे. साडूंनी त्यांच्यासाठी संगणकाला वाचायला लावायचं ठरवलं. विकतच्या यंत्रांवर मराठी वाचणारा चांगला आवाज होता. तो 'आपल्याकडे' आलेला नव्हता. यांच्याकडे होता तो सर्दी झालेल्या माणसाने बादलीत तोंड घालून बोलावं तसला. तो बाळाला बाल म्हणे, पाण्याला पानी. पहिल्या दिवशी अक्का म्हणाल्या, "कुठून आणलात हो याला? ळ म्हणायला काय जादा आकार पडतो?"

साडू कामाला लागले. त्या आवाजाचे नियम उघडून एकेक उच्चार घासत बसले. नातेवाइकांत मात्र आग. बायको आंधळी झाली आणि हा माणूस तत्त्वं कुरवाळत बसलाय, असं जो तो म्हणू लागला. त्यात माझा आवाज मोठा. शेवटी मीच एक नवा फोन घेतला, गोड आवाजात वाचणारी बाई त्यात होती, आणि साडू मंडईत गेलेले पाहून अक्कांच्या हातात दिला.

काही आठवड्यांनी अक्कांनी तो मला परत केला.

"बाई छान वाचते हो," त्या म्हणाल्या. "पण ती चुकली तर सांगायचं कोणाला? यांना सकाळी सांगितलं की संध्याकाळपर्यंत सुधारून आणतात. अख्ख्या संसारात यांनी माझं एवढं ऐकलं नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांना सांगू नका. शेफारतील."

मी सांगितलं नाही. त्यांनाही नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. आपण दिलेली वस्तू परत आली हे सांगण्यात तसाही काही मानाचा भाग नव्हता.

अक्का गेल्या. तेराव्याच्या पंगतीत त्यांचा मामेभाऊ, साडू हातात वरणाचं भांडं घेऊन समोर उभे असताना, म्हणाला, "फुकटच्या नादापायी बिचारीला शेवटपर्यंत धड वाचन मिळालं नाही." सगळे ताटात बघू लागले. साडूंनी वाढलं आणि पुढे सरकले. खरं काय ते त्या पंगतीत मला एकट्याला माहीत होतं. मी मठ्ठा मागितला.

तेव्हापासून साडू कुठल्या कार्याला जात नाहीत आणि त्यांना कोणी बोलावतही नाही. म्हणून आता लिहून टाकतो: अक्कांना दुसरा आवाज मिळत होता. त्यांनी तो नाकारला. त्यांना हाच हवा होता.

हे साडूंनाही मी अलीकडेच सांगितलं. त्यांनी तोंड पडद्याकडे वळवलं. अक्का गेल्यावर प्रणालीची नवी आवृत्ती आली, तिने त्यांचे सगळे उच्चार पुसून टाकले आणि पाण्याचं पुन्हा पानी झालं. त्यांनी ते तसंच ठेवलं होतं. मी म्हणालो, सुधारा, मी ऐकतो. त्यांनी माझ्या कानातल्या श्रवणयंत्राकडे पाहिलं. पुढच्या खेपेला त्यांनी एक पान ऐकवलं.

"छान आहे," मी म्हणालो.

"साडूबुवा, छान म्हणणारा मला नकोय."

आता मी दर गुरुवारी जातो. ते पान लावतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी डोळे मिटून, मान पुढे करून, जिवाच्या कराराने ऐकतो. अजून मला एकही चूक सापडलेली नाही.